उघडंच राहणारं चॅनेल: नवजात मधुमेहाचं एक प्रकरण

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह होणं इतकं विरळ आहे, की बऱ्याच बालरोगतज्ज्ञांच्या उभ्या कारकिर्दीत असं एखादंच बाळ समोर येतं, आणि कधी तेही येत नाही. लाखभर जन्मांमागे साधारण एक, असा अंदाज धरतात. असं बाळ बहुधा जन्मतःच वजनाला कमी भरतं. गर्भातल्या वाढीला इन्सुलिन लागतं आणि तेच याच्याकडे अपुरं असतं. पुढे काही दिवसांत किंवा आठवड्यांत ते सुकत जातं, दूध ओढतं पण अंगाला लागत नाही, दुपटी सारखी ओली होतात. आपल्याकडे आया आणखी एक खूण सांगतात, दुपट्याला मुंग्या लागतात. पण तान्हं बाळ सारखं शू करतंय याचं कुणाला काय वाटणार? त्यामुळे पुष्कळदा बाळ दवाखान्यात पोचतं ते थेट केटोअ‍ॅसिडोसिसमध्ये, म्हणजे इन्सुलिनअभावी केटोन साचून रक्त आम्लधर्मी झालेल्या अवस्थेत, धापा टाकत, आणि पहिला संशय न्यूमोनियावर किंवा जंतुसंसर्गावर जातो. कुणाला तरी ग्लुकोमीटरची पट्टी लावायचं सुचतं, तेव्हा खरा प्रकार कळतो.

२००४ पर्यंत त्यापुढची वाट ठरलेली होती: इन्सुलिन, तेही जन्मभर. तीन-चार किलोच्या बाळाला इन्सुलिन द्यायचं म्हणजे डोस पाव-अर्ध्या युनिटाचा, सिरिंजवर धड दिसणारही नाही इतका. काही ठिकाणी इन्सुलिन पातळ करून घेतात. एक युनिट जास्त गेलं की साखर घसरून झटका येण्याची भीती, कमी गेलं की पुन्हा केटोन. घरच्यांच्या रात्री त्यातच जातात.

यातल्या बऱ्याच मुलांना इन्सुलिनची सुई लागतच नाही, वर्षानुवर्षं दुकानात मिळणारी एक स्वस्त गोळी पुरते, हे जे कळलं त्याची ही हकीकत. ती मी प्रकरण म्हणून मांडतोय, कारण चॅनेलच्या, म्हणजे पेशीपटलातल्या आयन ये-जा करणाऱ्या दारांच्या, आनुवंशिक आजारांवरचं संशोधन कसं चालतं, कुठे अडतं आणि कुठे फसवतं, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं, की जनुकाचं नाव कळलं म्हणजे आजार कळला असं होत नाही. त्या चॅनेलमधून प्रवाह किती वाहतो, हे मोजावंच लागतं.

चॅनेल कोणतं आणि ते करतं काय

स्वादुपिंडातल्या बीटा पेशी इन्सुलिन तयार करून साठवून ठेवतात. रक्तातली साखर वाढली की ते बाहेर सोडायचं. पण साखर वाढल्याचं पेशीला कळतं कसं? तिच्या बाहेरच्या अंगाला साखर मोजणारं काहीच नाही. ती साखर आत घेते, जाळते, आणि त्यातून एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन तयार होतं. हे वाढलेलं एटीपी हाच निरोप.

निरोप घेणारं चॅनेल पेशीपटलात बसलेलं असतं. एटीपीला जुमानणारं पोटॅशियमचं चॅनेल म्हणून त्याला केएटीपी म्हणतात. साखर कमी असते तेव्हा ते उघडं असतं, त्यातून पोटॅशियमचे धन आयन बाहेर जात राहतात आणि पेशीचा आतला विद्युतदाब बाहेरच्या मानाने उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास टिकतो. एवढ्या उणे दाबावर पेशी गप्प असते. साखर वाढली, एटीपी वाढलं, की एटीपी येऊन या चॅनेलला आतल्या बाजूने चिकटतं आणि ते बंद होतं. बाहेर जाणारा प्रवाह थांबल्यावर दाब चढतो, त्या चढलेल्या दाबाने कॅल्शियमची चॅनेलं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या पेशीपटलाला लागून फुटतात. सगळी साखळी एका चॅनेलच्या बंद होण्यावर लटकलेली आहे.

म्हणजे हे चॅनेल बंदच झालं नाही तर? साखर कितीही चढो, इन्सुलिन पेशीत पडून राहणार. पेशी मेलेली नाही, इन्सुलिन संपलेलं नाही, फक्त सोडायचा हुकूम पोचत नाही. नेहमीच्या टाइप १ मधुमेहात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती बीटा पेशी मारून टाकते. तिथे इन्सुलिन बाहेरून देण्यावाचून गत्यंतर नाही. इथे माल गोदामात आहे.

माहिती होती, रुग्ण सापडत नव्हते

या प्रकरणातली मला सर्वांत चटका लावणारी गोष्ट म्हणजे तारखा.

१९८३ मध्ये अकिनोरी नोमा यांनी हृदयाच्या स्नायूपेशींत एटीपीने बंद होणारं पोटॅशियमचं चॅनेल दाखवलं. पुढच्याच वर्षी ऑक्सफर्डमध्ये फ्रान्सिस अ‍ॅशक्रॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या बीटा पेशींवर एक प्रयोग केला. तो जवळून पाहण्यासारखा आहे. पॅच-क्लॅम्प या तंत्रात एका मायक्रॉनच्या आसपास तोंड असलेली काचेची नळी पेशीपटलाला टेकवतात आणि अलगद ओढ देतात. पटल काचेला असं घट्ट बसतं की कडेने आयन गळत नाहीत. मग त्या इवल्या तुकड्यात असलेल्या एखाद-दुसऱ्या चॅनेलमधला प्रवाह पडद्यावर दिसतो, पिकोअ‍ॅम्पिअरमध्ये. चॅनेल उघडलं की रेघ एक पायरी चढते, मिटलं की उतरते. हे तंत्र एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांचं, त्यासाठी त्यांना १९९१ मध्ये नोबेल मिळालं.

अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या प्रयोगात नळी अखंड पेशीला चिकटलेली होती आणि ग्लुकोज घातलं ते बाहेरच्या द्रवात. नळीखालच्या चॅनेलपर्यंत ते ग्लुकोज बाहेरून पोचणं शक्यच नव्हतं, काचेची जोड आड होती. तरी चॅनेल मिटलं. म्हणजे ग्लुकोज पेशीत शिरून, जळून, निरोप आतून आला. त्याच वर्षी डॅनियल कुक आणि निकोलस हेल्स यांनी पटलाचा तुकडा पेशीपासून तोडून त्याची आतली बाजू उघडी केली आणि तीवर थेट एटीपी सोडून चॅनेल मिटतं हे दाखवलं. दोन्ही निबंध १९८४ चे, दोन्ही ‘नेचर’मध्ये.

१९८५ मध्ये हेल्स यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली. टॉलब्युटामाइड हे मधुमेहाचं जुनं औषध या चॅनेलला बंद करतं. टॉलब्युटामाइड सल्फोनिलयुरिया कुळातलं. या कुळाचा शोध लागला तोच मुळी अपघाताने, १९४२ मध्ये, फ्रान्समधल्या माँपेलिए इथे. टायफॉइडच्या रुग्णांना मार्सेल जानबाँ एक नवं सल्फा औषध देऊन बघत होते आणि रुग्णांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरत होती. ऑग्युस्त लुबातिएर यांनी त्यावर पुढचं काम केलं. ग्लिबेनक्लामाइड हे त्याच कुळातलं. आपल्याकडे निदान दोन पिढ्यांच्या आजी-आजोबांच्या औषधांच्या डब्यात ते डाओनिल या नावाने असायचं.

आता बेरीज करा. चॅनेल सापडलं, ते मधुमेहाच्या साखळीत कुठे बसतं ते कळलं, ते बंद करणारी गोळी तर आधीपासून दुकानात. १९८५ मध्ये हे सगळं छापून आलेलं होतं. त्या चॅनेलच्या दोषामुळे मधुमेह झालेली मुलंही त्या काळात जन्मत होती आणि इन्सुलिनवर वाढत होती. या दोन गोष्टी एकमेकींना भेटायला आणखी एकोणीस वर्षं लागली.

यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. चॅनेलचं जनुक माहीत असल्याशिवाय रुग्णांच्या रक्तात शोधणार काय? ते १९९५ मध्ये मिळालं. चॅनेल दोन प्रकारच्या प्रथिनांचं निघालं. मधलं छिद्र किर६.२ नावाच्या प्रथिनाच्या चार प्रतींनी बनतं. त्याभोवती एसयूआर१ च्या चार प्रती बसतात, आणि सल्फोनिलयुरिया चिकटतं ते या एसयूआर१ ला. पहिल्याचं जनुक केसीएनजे११, दुसऱ्याचं एबीसीसी८. दोन्ही अकराव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी आहेत.

मग शोध सुरू झाला, पण दोन वेगळ्याच ठिकाणी. पहिलं ठिकाण बरोबर उलट्या आजाराचं. काही बाळांमध्ये जन्मापासून इन्सुलिन अनावर सुटतं आणि साखर जीवघेणी घसरते. १९९५ मध्येच अशा कुटुंबांत एबीसीसी८ मध्ये बिघाड सापडला. तिथे चॅनेल तयारच होत नाही किंवा उघडत नाही, म्हणून पेशी अखंड इन्सुलिन ओतते. दुसरं ठिकाण म्हणजे मोठेपणी होणारा टाइप २ मधुमेह. केसीएनजे११ मधला ई२३के हा पुष्कळ लोकांत आढळणारा बदल बऱ्याच वादानंतर टाइप २ चा धोका थोडासा वाढवतो असं ठरलं. थोडासाच. मोठ्या आजारात छोटा परिणाम शोधण्यात बरीच वर्षं गेली, आणि मोठा परिणाम एका अगदी छोट्या आजारात बसून होता. मला वाटतं या क्षेत्रातली ही नेहमीची भूल आहे. पैसा आणि माणसं जिथे रुग्ण जास्त तिथे जातात, यंत्रणा मात्र विरळ आजारात जास्त उघडी पडते.

इशारा देणारा एक प्रयोग मात्र २००० मध्ये झाला होता. अमेरिकेत सेंट लुईस इथे कॉलिन निकोल्स यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, ज्यांच्या बीटा पेशींतलं किर६.२ एटीपीला दाद देत नाही. पिल्लांना जन्मताच तीव्र मधुमेह झाला आणि ती काही दिवसांत मेली. माणसात काय शोधायचं, हे त्या निबंधाने जवळजवळ लिहूनच दिलं.

२९ मुलं

इंग्लंडमधल्या एक्सेटर इथे अँड्र्यू हॅटर्सली यांचा गट एकाच जनुकाच्या दोषातून होणाऱ्या मधुमेहांवर काम करत होता. अ‍ॅना ग्लॉयन, युअन पिअर्सन, नॉर्वेचे पॉल न्योल्स्टाड आणि इतरांनी मिळून कायमस्वरूपी नवजात मधुमेहाच्या २९ रुग्णांचं केसीएनजे११ वाचून काढलं. तांत्रिकदृष्ट्या हे सोपं होतं. या जनुकाचा प्रथिनाला लागणारा मजकूर तुकड्यांत विखुरलेला नाही, एकाच सलग पट्ट्यात आहे, आणि प्रथिनही फक्त ३९० अमिनो आम्लांचं.

२९ पैकी १० जणांत बदल सापडला. एवढ्या विरळ आणि सरमिसळ आजारात एका जनुकाने तिसरा हिस्सा उचलणं हे फारच होतं. एप्रिल २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ते आलं. या दहांपैकी आठ जणांत बदल नव्यानेच घडलेला होता, आईवडिलांच्या रक्तात नव्हता. दोघांत तो घराण्यातून आलेला होता. बदल एकाच प्रतीत असला तरी आजार होतो, म्हणून असा रुग्ण मोठा होऊन आईबाप झाला की प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. आईवडिलांच्या रक्ताचा अहवाल स्वच्छ आला तरी ‘पुढच्या बाळाला धोका शून्य’ असं सांगता येत नाही, हेही इथेच नोंदवतो. बदल क्वचित बीजपेशींपुरता असतो आणि रक्तात दिसत नाही.

सर्वांत जास्त वेळा सापडलेला बदल आर२०१एच. जनुकात सीजीटी या तीन अक्षरांच्या जागी सीएटी, एका अक्षराचा फरक. त्याने २०१ व्या जागी आर्जिनिन जाऊन हिस्टिडिन आलं. ही जागा एटीपीच्या खोबणीतली आहे. आर्जिनिनवर धन भार असतो, एटीपीच्या फॉस्फेटवर ऋण, आणि त्या ओढीने एटीपी तिथे टिकतं. ती ओढ गेली.

त्या निबंधातली निर्णायक तपासणी मात्र जनुकाची नव्हती. काही रुग्णांना शिरेतून ग्लुकोज दिलं, इन्सुलिन सुटलं नाही. टॉलब्युटामाइड दिलं, सुटलं. पुढच्या सगळ्या उपचाराची मुळं या तपासणीत आहेत. चॅनेल एटीपीचं ऐकत नव्हतं, पण गोळीचं ऐकत होतं, कारण गोळी दुसऱ्या प्रथिनाला, धडधाकट असलेल्या एसयूआर१ ला धरून चॅनेल मिटवते.

प्रवाह मोजल्यावर काय दिसलं

दहांपैकी चौघांना फक्त मधुमेह नव्हता. बोलणं-चालणं खूप उशिरा, स्नायू लुळे, आणि त्यातल्या तिघांना अपस्मार. आजाराच्या या तीव्र रूपाला डेंड म्हणतात, वाढ मागे पडणं, अपस्मार आणि नवजात मधुमेह यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून. जनुक तेच, बदलाची जातही तीच, एक अमिनो आम्ल जाऊन दुसरं येणं. मग एका मुलाला फक्त साखर आणि दुसऱ्याला फिट्स, हे कशाने?

उत्तर बेडकाच्या अंड्यांतून आलं. झेनोपस या आफ्रिकी बेडकाचं अंडं मिलिमीटरभर व्यासाचं, डोळ्याला सहज दिसणारं. त्यात काचेच्या सुईने हव्या त्या प्रथिनाचा आरएनए, म्हणजे ते बनवायचा संदेश, टोचायचा आणि एक-दोन दिवस थांबायचं. अंडं मुकाट्याने ते प्रथिन तयार करतं आणि आपल्या पटलावर मांडतं. मग पटलाचा तुकडा काढून आतल्या बाजूवर एटीपीची मात्रा चढवत न्यायची आणि प्रवाह किती उरतो ते बघायचं.

इथे एक बारकावा आहे, आणि तो सुटला तर सगळं गणित चुकतं. रुग्णाकडे एक जनुक बदललेलं आणि एक चांगलं असतं. चॅनेलमध्ये किर६.२ च्या चार प्रती. दोन्ही तऱ्हेच्या प्रती सारख्याच बनत असतील आणि कशाही एकत्र येत असतील, तर सोळातलं एकच चॅनेल पूर्ण बिघडलेलं, एक पूर्ण चांगलं आणि उरलेली चौदा मिश्र. तेव्हा नुसतं बिघडलेलं प्रथिन टोचून मोजलं, तर ते रुग्णाचं मोजमाप होत नाही. दोन्ही आरएनए समान घालून मोजावं लागतं.

ऑक्सफर्डच्या गटाने तसं मोजलं. आर२०१एच मध्ये बिघाड एटीपी धरण्यातला होता. चॅनेल मिटायला चारपैकी एका जागी एटीपी बसलं तरी पुरतं, त्यामुळे मिश्र चॅनेलमध्ये एखादी चांगली प्रत असली तरी ती काम निभावून नेते. सगळी मिळून कसूर लहान राहते. बीटा पेशीला गप्प करायला तेवढी कसूर पुरते, मेंदूला त्रास द्यायला पुरत नाही. व्ही५९एम चं तसं नाही. ५९ वी जागा एटीपीच्या खोबणीपासून दूर आहे, चॅनेलच्या उघडझाप करणाऱ्या भागात. तिथल्या बदलाने चॅनेलचा कलच उघडं राहण्याकडे होतो आणि हा कल मिश्र चॅनेललाही लागतो. कसूर मोठी होते आणि बीटा पेशीच्या पलीकडे जाते, कारण किर६.२ मेंदूच्या पेशींत आणि स्नायूंतही असतं. व्ही५९एम असलेल्या बऱ्याच मुलांची वाढ मागे पडते. त्याच जागेवरचा व्ही५९जी आणि क्यू५२आर यांच्यात डेंडचं पूर्ण रूप दिसलं.

असं वाटतं, की बदल कुठे आहे ते बघावं आणि भविष्य सांगावं. एल१६४पी हा बदल त्या उत्साहाला चाप लावतो. अंड्यातल्या मोजमापात तो भयंकर दिसला, गोळीला दाद न देणारा, आणि मेंदूचा त्रास हमखास असेल असं वाटायला लावणारा. ज्या रुग्णात तो सापडला त्याला गोळी खरोखर लागू पडली नाही, पण मेंदूची अपेक्षित लक्षणंही नव्हती. बेडकाच्या अंड्यात माणसाचा चेतापेशींचा परिसर नसतो, एवढंच यावर म्हणता येतं.

स्नायूंच्या लुळेपणाचंही असंच. स्नायूंत किर६.२ भरपूर, तेव्हा दोष तिथलाच असणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. अ‍ॅशक्रॉफ्ट यांच्या गटाने व्ही५९एम फक्त स्नायूंत असलेले आणि फक्त चेतापेशींत असलेले असे वेगवेगळे उंदीर बनवले. स्नायूवाले उंदीर ठणठणीत निघाले. तोल आणि ताकद बिघडली ती चेतापेशीवाल्यांची. २०१० मध्ये हे ‘सायन्स’मध्ये आलं आणि औषध मेंदूपर्यंत पोचवण्याचा प्रश्न त्यानंतर आणखीच टोकदार झाला.

सुईकडून गोळीकडे

२००६ मध्ये पिअर्सन, हॅटर्सली आणि सहकाऱ्यांनी किर६.२ च्या दोषाचे ४९ रुग्ण इन्सुलिनवरून सल्फोनिलयुरियावर नेण्याचा अनुभव मांडला. ४४ जणांचं इन्सुलिन पूर्ण बंद झालं. ज्या ३८ जणांची आकडेवारी होती त्यांचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, १२ आठवड्यांत सरासरी ८.१ वरून ६.४ वर आलं. मधुमेहात सुई बंद होते तेव्हा साखरेचा ताबा थोडा सैलावणार हे आपण धरूनच चालतो. इथे सुई गेली आणि ताबा सुधारला.

मला यातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. गोळी सुरू झाल्यावर शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तोंडाने घेतलेल्या ग्लुकोजला आणि जेवणाला या मुलांची बीटा पेशी जास्त चांगला प्रतिसाद देत होती. जेवल्यावर आतड्यातून जी संप्रेरकं सुटतात ती इन्सुलिन सोडण्याला चॅनेलच्या पुढच्या टप्प्यावर जोर देतात. चॅनेल बंद नसताना त्या जोराचा उपयोग नव्हता, गोळीने चॅनेल मिटवल्यावर तो मार्ग कामाला लागला. म्हणून इन्सुलिन जेवणाबरोबर सुटतं, एरवी आवरतं, आणि एवढ्या मोठ्या डोसवरही साखर जीवघेणी घसरत नाही.

डोस खरोखरच मोठा आहे. किलोमागे दिवसाला अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास ग्लिबेनक्लामाइड लागतं. हाच हिशेब ६० किलोच्या माणसाला लावला तर ३० मिलिग्रॅम होतात, आणि टाइप २ मध्ये दिवसाला २० च्या वर जात नाहीत. पहिल्यांदा हा आकडा वाचणाऱ्या डॉक्टरचा हात अडखळतो, आणि अडखळून डोस अर्ध्यावर थांबवला की ‘गोळी लागू पडत नाही’ असा चुकीचा शेरा पडायला वेळ लागत नाही. सुरुवातीला काहींना जुलाब होतात, ते थांबतात. काही मुलांच्या दातांवर डाग पडल्याचंही नोंदलं गेलं आहे. त्यापलीकडे गोळी अंगाला चांगली मानवते. युरोपात २०१८ मध्ये या मुलांसाठी ग्लिबेनक्लामाइडचं पातळ औषध मंजूर झालं. ते नसेल तिथे गोळी कुटून पाण्यात कालवून द्यायची, हाच रिवाज.

२०१८ मध्येच दहा वर्षांचा हिशेबही आला. पाठपुरावा झालेल्या ८१ जणांपैकी ७५ जण अजून फक्त सल्फोनिलयुरियावर होते, आणि तीव्रपणे साखर घसरल्याचा प्रसंग एकालाही आला नव्हता.

मेंदूचं दुखणं मात्र पूर्ण गेलं नाही. बोलणं, चालणं, लक्ष लागणं यांत काही मुलांची प्रगती झाली, आईवडिलांना तर ती ठळक दिसली, पण दहा वर्षांनंतरही त्रास शिल्लक होता. सल्फोनिलयुरिया रक्तातून मेंदूत फारसं टिकत नाही. जितक्या लवकर गोळी सुरू होईल तितका मेंदूला फायदा, असं दिसतंय. बीटा पेशीलाही उशीर सोसत नाही. इन्सुलिनवर बरीच वर्षं काढलेल्यांत गोळी यशस्वी होण्याचं प्रमाण कमी आढळलं. उंदरांत दिसतं, की साखर दीर्घकाळ चढी राहिली की बीटा पेशींत ग्लायकोजन साचतं आणि त्या आपलं काम विसरायला लागतात.

आपल्याकडे

भारतात अशा मुलांची जनुकीय तपासणी सर्वांत जास्त काळ आणि नेटाने केली ती चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने. एक्सेटरची प्रयोगशाळाही जगभरातून आलेले नमुने तपासत आली आहे. आता खासगी प्रयोगशाळाही जनुकांचा संच वाचून देतात. त्यामुळे आज अडचण वाचण्याची उरलेली नाही, वाचलेल्याचा अर्थ लावण्याची आहे.

केसीएनजे११ लहान आहे आणि त्यातले बरेच घातक बदल आता ओळखीचे झालेत. आर२०१एच आला तर चर्चेला जागा नाही. एबीसीसी८ मोठं आहे, साधारण दीड हजारावर अमिनो आम्लांचं. त्यातही चॅनेल उघडं ठेवणारे बदल नवजात मधुमेह करतात, हे २००६ मध्ये सिद्ध झालं. पण याच जनुकातले दुसरे बदल उलटा आजार करतात. शिवाय निरुपद्रवी बदलही पुष्कळ. अहवालात ‘एबीसीसी८, अर्थ अनिश्चित’ एवढंच आलं, तर त्यावरून चॅनेल उघडं राहतंय की मिटलेलं, हेसुद्धा ठरत नाही. त्यासाठी कुणीतरी तो बदल पेशीत घालून प्रवाह मोजला पाहिजे, किंवा पोटॅशियमऐवजी रुबिडियम किती बाहेर पडतं ते पाहिलं पाहिजे. अशी सोय असलेल्या प्रयोगशाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि दवाखान्याच्या रोजच्या कामाशी त्यांचा संबंध नाही. जनुक वाचायला पैसे मिळतात, मोजायला मिळत नाहीत. या असमतोलाबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही, बोललं पाहिजे.

तोवर डॉक्टरांसमोर व्यवहाराचा प्रश्न राहतो, की अहवाल येण्याआधीच गोळी देऊन बघावी का? काही जण म्हणतात हो, कारण सहा महिन्यांच्या आत सुरू झालेला मधुमेह बहुधा प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याचा नसतो, केएटीपीचा दोष त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे आणि मेंदूच्या दृष्टीने प्रत्येक आठवड्याला किंमत आहे. विरोधी बाजूही पोकळ नाही. इन्सुलिनच्याच जनुकातला दोष असेल, किंवा जवळच्या नात्यातल्या लग्नांतून दिसणारा वोल्कॉट-रॅलिसन सिंड्रोम हा दुसऱ्याच जनुकाचा आजार असेल, तर गोळीचा उपयोग नाही. काही बाळांचा मधुमेह तात्पुरता असतो आणि काही महिन्यांत आपसूक मावळतो, तेव्हा श्रेय गोळीला जातं आणि निदान कायमचं चुकतं. माझा कौल पहिल्या बाजूला आहे, पण दोन अटींवर. पहिली अट, गोळीचा पहिला डोस देण्याआधी जनुकीय तपासणीसाठी रक्त गेलेलं असावं आणि सी-पेप्टाइडचा, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन सोडतंय ते सांगणारा, आधीचा आकडा हातात असावा. दुसरी, हे सगळं दवाखान्यात भरती करून व्हावं. दर काही तासांनी साखर बघत, गोळी पायरीपायरीने चढवत, इन्सुलिन त्याच बेताने उतरवत. काहींना आठवडाभर लागतो, काहींना त्याहून बराच जास्त. आणि गोळी लागू पडत नाही असा निर्णय घेण्याआधी किलोमागचा डोस पुन्हा एकदा मांडून पाहावा.